‘नेटवरून’ हा संदर्भ नव्हे: वंशावळीच्या कामात ऑनलाइन नोंदी कशा टिपाव्यात

माझ्या पहिल्या वहीत खापरपणजीच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, “जन्म 1871 (नेटवरून)”. त्याच्याखाली दोन वर्षांनी, वेगळ्या शाईत, “की 1876?” या दोन ओळींनी माझे तीन रविवार खाल्ले. 1871 हा आकडा मी कुठे पाहिला होता ते काही केल्या आठवेना. ब्राउझरची हिस्टरी केव्हाच पुसली गेली होती. शेवटी सापडलं तेव्हा कळलं, की कुणा अनोळखी माणसाने आपल्या वंशवृक्षात ठोकून दिलेला तो अंदाज होता आणि त्याच्याकडेही कसला आधार नव्हता. म्हणजे मी तीन रविवार एका परक्या माणसाच्या अंदाजामागे धावत होते.

हा लेख नव्याने वंशावळ शोधायला बसलेल्यांसाठी आहे. संदर्भ देणं म्हटलं की प्रबंध, तळटीपा, स्वल्पविराम कुठे आणि अर्धविराम कुठे, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं आणि माणूस घाबरतो. विरामचिन्हांचं राहू द्या. आपल्या कामात संदर्भाने तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: मी नेमकं काय पाहिलं, ते कुठे पाहिलं, आणि जे पाहिलं ते तिथे कुठून आलं. पहिलं आणि दुसरं बहुतेकांना जमतं. घोटाळा होतो तो तिसऱ्यात.

अमेरिकेत वंशावळ-संशोधकांना प्रमाणपत्र देणारं एक मंडळ 1964 पासून काम करतं आहे. एखादं नातं सिद्ध झालं असं कधी म्हणायचं, याच्या त्यांनी पाच अटी ठरवल्या आहेत. त्यांतली दुसरीच अट आहे पूर्ण आणि अचूक संदर्भांची. तिच्याआधी एकच अट आहे, कसून शोध घेण्याची. हा क्रम मला पटतो. शोधलं, की लगेच टिपलं. विश्लेषण, मतभेद, निष्कर्ष हे सगळं त्यानंतर.

आधी ओळखा, समोर आहे तरी काय

एखाद्या वेबसाइटवर नाव टाकलं आणि निकाल आला, की आपण म्हणतो “नोंद सापडली”. पण स्क्रीनवर दिसणारी गोष्ट चारांपैकी एक असते, आणि चौघींची लायकी सारखी नसते.

ती मूळ कागदाची छायाप्रत असेल. किंवा तो कागद वाचून कुणीतरी केलेली सूची असेल: नाव, वर्ष, गाव, बास. किंवा अख्ख्या मजकुराची टंकलेली नक्कल असेल. नाहीतर कुणीतरी या सगळ्यावरून, किंवा कशावरूनही नाही, तयार केलेला वंशवृक्ष असेल. सूचीत एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं की आडनाव बदलतं. नकलेत एक ओळ सुटली की एक मूल नाहीसं होतं. अलीकडे यंत्राने हस्ताक्षर वाचून केलेल्या नकलाही मिळू लागल्या आहेत. शोधायला त्या झकास आहेत, पण वाचनाच्या चुका यंत्रही करतं. सूची आणि नक्कल या वाटाड्यासारख्या वापरायच्या. वाट दाखवली की त्यांचं काम संपलं, पुढे छायाप्रतीपर्यंत आपण चालत जायचं.

छायाप्रत पाहता आली नाही, तर तसं लिहायचं: “फक्त सूची पाहिली, मूळ पान पाहिलं नाही.” यात कमीपणा काही नाही. सूची पाहून मूळ पान पाहिल्याचा आव आणणं हा मात्र या छंदातला सर्वांत सर्रास होणारा खोटेपणा आहे, आणि तो बहुतेक वेळा नकळत होतो. साइटच सूचीच्या पानावर खाली मूळ नोंदवहीचं नाव छापते. आपण ते उचलून आपल्या टिपेत चिकटवतो, आणि न पाहिलेल्या वहीचा हवाला देऊन मोकळे होतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. फॅमिलीसर्चचं उदाहरण घेऊ, कारण ती साइट फुकट आहे आणि नवखे बहुधा तिथूनच सुरुवात करतात. तिच्यामागची संस्था 1894 मध्ये अमेरिकेतल्या युटा इथे सुरू झाली. 1938 पासून त्यांनी जगभरच्या नोंदवह्यांची मायक्रोफिल्म करायला घेतली. सुमारे 24 लाख रिळं झाली, आणि ती सगळी डिजिटल करण्याचं काम 2021 मध्ये पुरं झालं. म्हणजे आज तिथे एखाद्या चर्चच्या वहीचं जे पान दिसतं ते पुष्कळदा फोटोच्या फोटोसारखं असतं: वही, तिची फिल्म, फिल्मचं स्कॅन. वही अजूनही त्या चर्चमध्ये किंवा एखाद्या अभिलेखागारात असू शकते. फॅमिलीसर्च हे कपाट आहे, पुस्तक नव्हे. “संदर्भ: फॅमिलीसर्च” असं लिहिणं म्हणजे पुस्तकाचं नाव विचारल्यावर कपाटाकडे बोट दाखवणं.

टॅब बंद करण्याआधी

हे काम नंतरवर टाकू नका. “आज नुसतं पाहून घेते, रविवारी नीट लिहीन” हे मी शंभरदा म्हटलं असेल, आणि ते रविवार कुठे गेले ते वर सांगितलंच. पान समोर असतानाच एवढं टिपून घ्या:

- संग्रहाचं नाव, साइटवर आहे तसंच. त्याचं भाषांतर करू नका. रोमन लिपीतलं नाव टिपेत रोमनमध्येच ठेवा, नाहीतर पुढे शोधताना हाती लागणार नाही. (या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहिलंय, तेवढं मनावर घेऊ नका.)
- कुणाची नोंद, कसली नोंद, कुठली, कोणत्या तारखेची.
- नोंदवहीचं पान आणि ओळ किंवा अनुक्रमांक.
- प्रतिमा क्रमांक, “इतक्यांपैकी इतकावी” अशा रूपात, आणि फिल्मचा किंवा प्रतिमासंचाचा क्रमांक.
- मूळ वही कुणाच्या ताब्यात आहे.
- दुवा, आणि पाहिल्याची तारीख.

यात पान क्रमांक आणि प्रतिमा क्रमांक यांचा गोंधळ हमखास होतो. वहीच्या कोपऱ्यात हाताने 47 लिहिलेलं असतं आणि साइट म्हणते 58वी प्रतिमा. दोन्ही बरोबर. मुखपृष्ठ, कोरी पानं, मध्येच दोनदा फोटो काढलेलं एखादं पान, यांमुळे फरक पडतो. काही स्कॅनमध्ये समोरासमोरची दोन पानं एकाच प्रतिमेत येतात, मग फरक उलट्या बाजूने पडतो. म्हणून दोन्ही लिहा, आणि कोणता आकडा कशाचा तेही लिहा. नुसतं “47” हे वर्षभराने तुम्हालाच कोडं वाटेल.

आणखी एक सवय. ज्या फिल्मवर तुमचं पान आहे तिच्या सुरुवातीला जाऊन या. तिथे बहुधा वहीचं मुखपृष्ठ किंवा फिल्म करणाऱ्यांनी लावलेली पाटी असते: वही कुणाची, कोणत्या वर्षांची, मूळ की नक्कल. एकदा अशीच मागे गेले तेव्हा कळलं, की ज्या वहीला मी मूळ समजून बसले होते ती दुसऱ्या कुणीतरी पुढे कित्येक वर्षांनी स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेली प्रत होती. अक्षर इतकं सुबक होतं तेव्हाच शंका यायला हवी होती. पन्नास वर्षांच्या नोंदी एकाच हातात आणि एकाच शाईत असतील, तर सावध व्हा.

दुवा: कोणता घ्यावा, आणि त्याच्यावर किती विसंबावं

वरच्या पट्टीत दिसतो तो पत्ता सरळ उचलू नका. शोध घेतल्यावर तिथे जी लांबलचक शेपूट दिसते, प्रश्नचिन्हं आणि टक्क्याच्या खुणांनी भरलेली, तो तुमच्या त्या वेळच्या शोधाचा पत्ता असतो. उद्या तो वेगळाच निकाल दाखवेल, नाहीतर लॉगिनच्या पानावर नेऊन सोडेल. बऱ्याच अभिलेखांच्या साइट नोंदीसाठी कायमचा दुवा वेगळा देतात. पानावर “कॉपी”, “साइट” (cite, म्हणजे संदर्भ द्या) किंवा “शेअर” असलं बटण दिसतं का पाहा. फॅमिलीसर्चच्या पत्त्यात “आर्क” (रोमनमध्ये ark) ही तीन अक्षरं आणि 61903 हा आकडा दिसला, की समजा तो टिकाऊ दुवा आहे. “आर्क” ही अभिलेखांना कायमचा क्रमांक देण्याची पद्धत आहे आणि 61903 हा फॅमिलीसर्चला मिळालेला क्रमांक. त्याच्या पुढची अक्षरं म्हणजे तुमची नोंद. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं बहुतेक वेळा बिनधास्त छाटता येतं. छाटल्यावर दुवा ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून बघा. तिथे उघडला तर टिपेत घ्या.

टिकाऊ दुवाही अमर नसतो. जिओसिटीज ही लोकांना स्वतःची पानं बनवू देणारी साइट 2009 मध्ये बंद झाली तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली कौटुंबिक पानं एका झटक्यात गेली. त्यातली काही आज दिसतात ती वेळीच कुणीतरी त्यांची प्रत ठेवली म्हणून. हे काम करणारं इंटरनेट अर्काइव्ह 1996 मध्ये सुरू झालं, आणि त्यांचं वेबॅक मशीन 2001 पासून सगळ्यांना खुलं आहे. एखाद्या व्यक्तीने, मंडळाने किंवा गावाच्या हौशी इतिहासकाराने चालवलेलं पान तुम्ही वापरलंत, तर त्याच दिवशी त्याचा पत्ता वेबॅक मशीनच्या “सेव्ह पेज नाऊ” या चौकटीत टाका. थोड्या वेळाने नवा पत्ता मिळतो. त्यात 14 अंकी आकडा असतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. 20250314 ने सुरू होणारा आकडा म्हणजे 14 मार्च 2025. टिपेत मूळ पत्ता आणि हा पत्ता दोन्ही द्या.

लॉगिनमागे असलेली पानं मात्र अशी जतन होत नाहीत. वर्गणी भरून पाहायच्या साइटवरची छायाप्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी लागते. फाइलला साइटने दिलेलं अगम्य नाव तसंच ठेवू नका. मी वर्षाने सुरुवात करते: 1918, मग नोंदीचा प्रकार, ठिकाण, आडनाव, शेवटी प्रतिमा क्रमांक. वर्ष पहिलं ठेवलं की फोल्डरमध्ये फाइली आपोआप माणसाच्या आयुष्याच्या क्रमाने लागतात.

आता एक कसोटी. टिपेतला दुवा खोडून टाका आणि उरलेलं वाचा. तेवढ्यावरून दुसरा माणूस त्या नोंदीपर्यंत पोचू शकेल का? पोचेल, तर संदर्भ झाला. दुवा गेला की सगळंच गेलं असं असेल, तर तुमच्याकडे संदर्भ नव्हता, फक्त पत्त्याची चिठ्ठी होती.

प्रत्यक्ष एक संदर्भ लिहू

आपल्या घरातलं उदाहरण घेतलं की भावना मध्ये येतात, म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस घेऊ: जॅझचे बादशहा लुई आर्मस्ट्राँग. आपला जन्म 4 जुलै 1900 चा, असं ते सांगत. 4 जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, त्यामुळे ती तारीख सगळ्यांच्या तोंडी बसली. 1971 मध्ये ते गेले. पुढे 1980 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या सेक्रेड हार्ट ऑफ जीझस या चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही कुणीतरी उघडून पाहिली, आणि तिच्यात लॅटिनमध्ये जन्मतारीख मिळाली 4 ऑगस्ट 1901.

समजा आर्मस्ट्राँग तुमचे पूर्वज आहेत आणि तुम्ही नेटवर शोधताय. पहिल्या महायुद्धातलं त्यांचं लष्करी नावनोंदणीचं कार्ड सापडतं. त्यावर 4 जुलै 1900 आहे. नवखा माणूस लिहितो:

“जन्म 4 जुलै 1900. संदर्भ: फॅमिलीसर्च.”

याच्यावरून काहीच कळत नाही. कार्ड पाहिलं, सूची पाहिली की कुणाचा वंशवृक्ष? आता तीन प्रश्न एकेक करून सोडवू.

काय पाहिलं? लुई आर्मस्ट्राँग यांचं लष्करी नावनोंदणी कार्ड, न्यू ऑर्लिन्स, लुइझियाना, दिनांक 12 सप्टेंबर 1918.

कुठे पाहिलं? “युनायटेड स्टेट्स वर्ल्ड वॉर वन ड्राफ्ट रजिस्ट्रेशन कार्ड्स, 1917–1918” या संग्रहातली डिजिटल प्रतिमा, फॅमिलीसर्च; मग प्रतिमा क्रमांक, टिकाऊ दुवा, पाहिल्याची तारीख.

तिथे कुठून आलं? अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं मायक्रोफिल्म प्रकाशन, क्रमांक एम1509.

तिन्ही तुकडे स्वल्पविरामांनी जोडले की संदर्भ तयार. जोडून असा दिसेल:

“लुई आर्मस्ट्राँग, लष्करी नावनोंदणी कार्ड, न्यू ऑर्लिन्स, लुइझियाना, 12 सप्टेंबर 1918, ‘युनायटेड स्टेट्स वर्ल्ड वॉर वन ड्राफ्ट रजिस्ट्रेशन कार्ड्स, 1917–1918’, डिजिटल प्रतिमा, फॅमिलीसर्च (दुवा, पाहिलं 14 मार्च 2025), प्रतिमा अमुक पैकी तमुक, मूळ: अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, मायक्रोफिल्म एम1509.”

या शेवटच्या तुकड्याची किंमत बघा. हाच संग्रह अ‍ॅन्सेस्ट्री या वर्गणीच्या साइटवरही आहे. उद्या एका साइटने तो काढला, दर वाढवले किंवा पत्ते बदलले, तरी एम1509 हा आकडा घेऊन तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. कपाट बदललं तरी पुस्तक तेच.

पण मला हे उदाहरण आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. त्या कार्डाची तारीख जरा नीट पाहा. 12 सप्टेंबर 1918 ची नोंदणी 18 ते 45 वर्षांच्या पुरुषांसाठी होती. जन्म जुलै 1900 चा धरला तर आर्मस्ट्राँग त्या दिवशी 18 पुरे होते. बाप्तिस्म्याच्या वहीप्रमाणे ऑगस्ट 1901 चा धरला तर जेमतेम 17, म्हणजे त्यांना नाव नोंदवायची गरजच नव्हती. संदर्भात कार्डाची तारीख लिहिली म्हणून हा पेच दिसला. “संदर्भ: फॅमिलीसर्च” मध्ये तो दिसलाच नसता.

आणि आता सापळा. बाप्तिस्म्याच्या त्या नोंदीविषयी तुम्ही कुठल्यातरी लेखात वाचता. तिथे नोंदवहीच्या पानाचा फोटोही असतो. तुमच्या टिपेत कोणाचं नाव येणार? चर्चच्या वहीचं नाही. तुम्ही पाहिला तो लेख. आधी लेखाचा लेखक, शीर्षक, साइट, तारीख, दुवा. मग “यात सेक्रेड हार्ट ऑफ जीझस चर्चच्या 1901 च्या बाप्तिस्मा नोंदवहीचा हवाला”. वही स्वतः पाहाल त्या दिवशी संदर्भ बदला. तोवर मधल्या माणसाचं नाव गाळायचं नाही, कारण चूक झाली असेल तर ती बहुधा त्या मधल्या माणसाचीच असते.

सांगणारा कोण होता?

संदर्भाला जोडून एक ओळ मी नेहमी लिहिते: ही माहिती कुणी दिली, आणि ती त्याला कशी ठाऊक होती. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूची तारीख बहुधा पक्की असते, कारण सांगणाऱ्याने तो मृत्यू पाहिलेला असतो. त्याच दाखल्यावरची जन्मतारीख मात्र जावयाने आठवून सांगितलेली असू शकते. कागद एक, पण त्यातल्या दोन तारखांचा भरवसा वेगळा. म्हणून भरवशाचा शेरा कागदाला मारू नका, त्यातल्या एकेका माहितीला मारा.

काही नोंदींत सांगणारा कोण हे चक्क लिहिलेलं असतं, फक्त सूचीत ते येत नाही. अमेरिकेची 1940 ची जनगणना 72 वर्षांच्या नियमाप्रमाणे 2012 मध्ये खुली झाली. तिच्या पानावर घरातल्या एका नावापुढे वर्तुळात फुली असते. गणनेसाठी आलेल्या माणसाला उत्तरं देणारी व्यक्ती ती. फुली आजीच्या नावापुढे असेल तर मुलांची वयं एका भरवशाची, भाडेकरूच्या नावापुढे असेल तर दुसऱ्या. ती खूण पाहायला छायाप्रतच उघडावी लागते.

इंग्लंडच्या जनगणनेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. 1841 ते 1901 पर्यंतची जी पानं आपल्याला दिसतात ती गणकाने घरोघरचे फॉर्म पाहून वहीत उतरवलेली आहेत. 1911 चे मात्र कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले फॉर्मच जपलेले आहेत. त्या पानावर तुमच्या पणजोबांचं अक्षर असू शकतं, आणि नावाचं स्पेलिंग ते जसं लिहीत तसं असतं. 1841 मध्ये तर 15 वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. 39 चा माणूस 35 चा झाला. हे ठाऊक नसलेल्याने “जन्म 1806” असं ठोकून दिलं, की पुढचे सगळे तेच उचलतात. टिपेत वय जसं दिसलं तसं लिहा, गणित वेगळ्या ओळीत करा आणि ते आपण केलंय असं सांगा.

तारखांचंही तसंच. 1752 च्या आधी इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. वहीत “फेब्रुवारी 1720” असेल तर आजच्या हिशेबाने ते 1721. टिपेत “फेब्रुवारी 1720/21” असं लिहिण्याची रीत आहे. मनातल्या मनात दुरुस्त करून नुसतं 1721 लिहिलंत, तर पुढचा वाचणारा आणखी एकदा दुरुस्त करेल आणि 1722 करून ठेवेल.

वंशवृक्ष, थडगी, वर्तमानपत्रं

दुसऱ्यांनी केलेले वंशवृक्ष वाचा, खुशाल वाचा. पण संदर्भ म्हणून वापरायचे झाले तर एकच गोष्ट नोंदवा: अमक्या वृक्षात, अमक्या दिवशी, अमुक दावा दिसला, त्याला दिलेला आधार अमुक किंवा काहीही नाही. एकच चुकीची तारीख पन्नास वृक्षांत दिसली तरी तो एकच पुरावा. नकला मोजून मताधिक्य ठरवायचं नसतं.

फाइंड अ ग्रेव्ह ही थडग्यांच्या नोंदींची, 1995 पासूनची साइट. तिथल्या पानावर दोन वेगळ्या गोष्टी शेजारी असतात: दगडाचा फोटो, आणि कुणा स्वयंसेवकाने टंकलेला मजकूर. दगडावर फक्त वर्ष असतं आणि शेजारी पूर्ण जन्मतारीख छापलेली असते, असं पुष्कळदा दिसेल. ती तारीख दगडाची नव्हे, त्या स्वयंसेवकाची. दोघांचा संदर्भ वेगळा द्या आणि पानाचा मेमोरियल क्रमांक लिहा. दगडही मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी बसवलेला असू शकतो, हे विसरू नका.

वर्तमानपत्राचं कात्रण उतरवताना मथळ्याखालचा मजकूर तेवढा कापून घ्यायचा मोह होतो. आधी पूर्ण पान उतरवा, मग कात्रण. पत्राचं नाव, गाव, तारीख, पान, स्तंभ, आणि ज्या साइटवर पाहिलं ती. बाकी वरच्यासारखंच.

संगणकाशी गप्पा मारून माहिती विचारणारेही आता बरेच आहेत. त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय टिपेत घेऊ नका. दिसायला खरा पण अस्तित्वात नसलेला खंड आणि पान क्रमांक तो सहज देऊन जातो.

सॉफ्टवेअरविषयी थोडं

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भासाठी चौकटींची भलीमोठी रांग असते. त्या भरा, पण एका चौकटीत अख्खा संदर्भ साध्या सलग मजकुरात जरूर ठेवा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती जेडकॉम फाइलने जाते. हा साचा 1984 पासून चालत आलाय, त्याची 7.0 ही आवृत्ती 2021 मध्ये आली, आणि तरीही प्रत्येक सॉफ्टवेअरच्या खास चौकटी दुसरीकडे नीट उतरतीलच असं नाही. साधा मजकूर मात्र तगतो. पहिल्या दहा नोंदी झाल्या की एकदा जेडकॉम फाइल काढून दुसऱ्या एखाद्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. हजार नोंदींनंतर कळण्यापेक्षा बरं.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते सार्वजनिक वृक्षात टाकू नका. संदर्भ कितीही पक्का असला, तरी नाही.

न सापडलेलंही लिहा

हे कुणी सांगत नाही आणि याचाच उपयोग सर्वांत जास्त होतो. कोणत्या संग्रहात, कोणत्या दिवशी, नावाचं कोणतं स्पेलिंग टाकून, कोणत्या वर्षांच्या टप्प्यात शोधलं आणि काही मिळालं नाही, ते एका वेगळ्या पानावर तारीखवार लिहा. साइटवर नव्या नोंदी येत राहतात आणि सूच्या दुरुस्त होत राहतात. गेल्या वर्षी रिकाम्या हाताने परत आलात तिथे यंदा काही मिळू शकतं. पण गेल्या वर्षी नेमकं काय शोधलं होतं हे ठाऊक असेल, तरच पुन्हा कुठून सुरू करायचं ते कळेल.

आणि आधीचा पसारा?

हे वाचून आपली जुनी फाइल उघडाल आणि छातीत धस्स होईल. शेकडो तारखा, आधार एकालाही नाही. सगळं पुसून पुन्हा सुरू करायची गरज नाही. ज्या ज्या तारखेला आधार नाही तिच्यापुढे सरळ “आधार नोंदवलेला नाही” लिहा. मग आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जा, आणि एका माणसाच्या तीनच गोष्टी पक्क्या करा: जन्म, मृत्यू, आईवडील. जिथे पिढ्यांचा धागा एकाच बिनआधाराच्या दुव्यावर लोंबकळतोय, ती जागा पहिली धरा, कारण तिथे चूक निघाली तर वरचं सगळं झाडच परक्याचं निघतं.

माझ्या खापरपणजीच्या नावापुढे आता 1871 नाही आणि 1876 ही नाही. तिथे लिहिलंय: “जन्म 1874 ते 1876 च्या दरम्यान. लग्नाच्या नोंदीतल्या वयावरून मी काढलेला अंदाज. वय सांगणारा कोण, ते नोंदीत नाही. छायाप्रत पाहिली, पान 112, प्रतिमा 119. जन्माची नोंद दोन संग्रहांत शोधली, मिळाली नाही. शोधाची यादी पाहा. 1871 हा आकडा एका ऑनलाइन वंशवृक्षातला, आधार दिलेला नाही, धरलेला नाही.”